पहाटेचा आकडा

एका उंच घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध वस्ताद राहत असे. कुस्तीचा नव्हे, मोटारींचा. त्या मुलखात ज्याच्या हाताखाली माणूस तयार होतो त्याला वस्ताद म्हणायची रीत आहे, मग आखाड्यात लाल माती असो की गॅरेजच्या फरशीवरचा काळा थर. ह्या वस्तादांच्या गॅरेजमागून एक लहानशी नदी वाहत असे. मार्गशीर्षात तिच्यावरचं धुकं पहाटे उठून सरळ आत येई आणि उभ्या गाड्यांच्या अंगावर बसून राही. सूर्य डोंगरावर आला की मगच ते जाई. तोवर तिथे सगळं झोपेतल्यासारखं दिसत असे.

वस्तादांची एक पद्धत होती आणि ती त्या पंचक्रोशीत थट्टेचा विषय झाली होती. गाडी कितीही घाईची असो, दारात आली की तिला ते आधी मुक्कामाला ठेवत. एक अख्खी रात्र तिला कोणी हात लावायचा नाही. पहाटे तिच्या इंजिनावर बाभळीच्या काठीचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाशी धरायचं आणि गाडी चालू करायची. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातून पहिल्या क्षणी कोरडी टकटक येते. ऑइल वर पोचलं की ती थांबते. ती थांबेपर्यंत वस्ताद काठीवर नखाने टिचक्या मारून मोजत. पाचाच्या आत थांबली तर समाधान. पुढे गेली तर ऑइल बदलायचं, मग ते कालच भरलेलं का असेना.

त्यांच्याकडे वैजयंता नावाची एक शिष्या होती. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली, शहरातली बरी नोकरी सोडून आलेली, वय सव्वीस. ह्या मुलीला इंजिनं का आवडावीत, हे तिच्या आईला अखेरपर्यंत कळलं नव्हतं. तिला स्वतःला मात्र ठाऊक होतं. ती नऊ वर्षांची असताना वडिलांची जीप ह्याच घाटात, आठव्या वळणावर, इंजिन जाम होऊन थांबली होती. तिने रस्त्याकडेच्या दगडावर बसून बॉनेटमधून निघणारा धूर पाहिला आणि वडिलांना म्हणताना ऐकलं, ‘ऑइल पातळ झालं गं.’ ती जीप पुन्हा चालली नाही आणि वडिलांचा धंदाही पुन्हा उभा राहिला नाही. त्या घरात पातळ हा शब्द त्यानंतर कुणी ताकालासुद्धा वापरला नाही.

दिवाळीपासून वस्तादांनी ती काठी वैजयंताच्या हाती दिली होती. ‘माझं गुडघं वाकत न्हाईत आता. तू ऐक, मी आत बसून सेल्फ मारतो,’ असं ते म्हणाले होते. ह्याचा तिला फार अभिमान वाटला. शिकणं संपत आलं, असं तिने मनोमन ठरवून टाकलं.

त्या घाटातल्या जुन्या रस्त्यावर वर्षातून एक दिवस वाहतूक बंद ठेवून वेगवान गाड्यांची चढाई होत असे. तिला चारच दिवस उरले असताना एक हळदीचा व्यापारी आपली गाडी घेऊन आला. निळी, बुटकी, रुंद गाडी. तिचं इंजिन इतकं ताकदवान की नुसता उभ्या उभ्या धपापण्याचा आवाज ऐकून रस्त्यावरच्या म्हशी बाजूला सरकत. व्यापाऱ्याचं वय साठीला टेकलेलं. आयुष्यभर पोत्यांच्या हिशेबात बसलेल्या ह्या माणसाने एकच हौस केली होती आणि डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की चढाईचं हे वर्ष शेवटचं.

‘वस्ताद, एवढा घाट चढवा,’ तो म्हणाला. ‘परत मला शर्यतीत बसायला मिळंल न मिळंल. इंजिनाला काय झालं तर मी इथंच बसून रडंन, सांगून ठेवतो.’

त्याने सोबत एक डबा आणला होता. परदेशी, सोनेरी, खास शर्यतीच्या गाड्यांचं सिंथेटिक ऑइल. बाजारात त्याला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: पैलवानाला तूप तसं दमदार इंजिनाला दाट ऑइल. डब्यावर दोन आकडे होते, दहा आणि साठ. साठाचा आकडा मोठ्या लाल अक्षरांत होता.

वस्तादांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि वैजयंताकडे दिला. ‘हिचं ऑइल तू ठरव,’ ते म्हणाले. ‘मी मधे बोलणार न्हाई.’

तिने फार वेळ घेतला नाही. घाटात इंजिन तापणार, तापलं की ऑइल पातळ होणार, म्हणून तापूनही जे सर्वांत दाट राहील ते उत्तम. साठाहून मोठा आकडा बाजारात मिळत नव्हता. व्यापाऱ्याच्या डब्यातलंच ऑइल ओतताना तिला दगडावर बसलेली ती नऊ वर्षांची मुलगी आठवली आणि बरं वाटलं. मग गाडी थोडा वेळ चालवून तिने ती भिंतीकडेला मुक्कामाला लावली.

दुसऱ्या पहाटे धुकं इतकं दाट होतं की चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. वैजयंताने काठी इंजिनावर टेकवली. वस्ताद दार उघडून आत बसले. त्या गाडीची बैठक जमिनीपासून वीतभर वर, तीत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसणं. वस्ताद मात्र सहज बसले, हाताचा आधारही न घेता. तिला थोडं नवल वाटलं, पण तेवढ्यात इंजिन उठलं.

काठीतून टकटक आली. कोरडी, घाईची, कुणीतरी आतून दार वाजवत असल्यासारखी. ती मोजू लागली. तीन. पाच. आठ. नऊ. अकराव्या टिचकीला आवाज थांबला आणि इंजिन मऊ गुणगुणू लागलं. तिने मान वर केली. वस्ताद तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते.

‘थांबला का आवाज?’ त्यांनी विचारलं.

आवाज थांबून चांगला वेळ झाला होता. रस्त्यावरच्या माणसालाही तो थांबलेला कळला असता. वैजयंताला एका क्षणात सगळं उमगलं. गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. दिवाळीपासून वस्तादांना ऐकूच येत नव्हतं, आणि जगाला हे कळू नये म्हणून त्यांनी काठी तिला दिली होती. तिला वाईट वाटलं, अगदी डोळ्यांत पाणी येईल इतकं. आणि त्याच क्षणी, त्या वाइटाच्या शेजारीच, दुसरंही काही मनात आलं.

‘किती?’ वस्तादांनी विचारलं.

‘चार,’ ती म्हणाली.

वस्तादांनी मान हलवली आणि इंजिन बंद केलं. ‘बरं. उद्या पुन्हा ऐकू.’

सकाळी दहाला व्यापारी आला तो गाडी घाटात फिरवून आणायच्या तयारीने, हातमोजे घालूनच. वस्तादांनी किल्ली दिली नाही. गाडी आज उभीच राहील, उद्याही उभीच राहील आणि पहाटे फक्त एकदा चालू करून बंद केली जाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

‘अहो, मी गाडी घाट चढवायला आणलीया,’ व्यापारी म्हणाला. ‘तुम्ही तिला नुसतं उठवून निजवताय. तान्हं पोर हाय व्हय ती? एकदा तरी जोरात पळवून बघा की, ऑइल टिकतंय का न्हाई ते.’

वस्ताद नुसते हसले. त्यांना त्यातलं किती ऐकू आलं होतं, देव जाणे. व्यापाऱ्याने मग वैजयंताकडे पाहिलं. ‘पण ताई, ऑइल तुम्ही फस्क्लास निवडलं बघा. बाजारात सगळ्यांना सांगितलं मी.’ तिने फडक्याने हात पुसायला घेतले. हात स्वच्छच होते, तरी ती बराच वेळ पुसत राहिली.

दुपारी जेवण झाल्यावर ती त्या गाडीतच जरा टेकली आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात ती इंजिनाच्या आत होती. आत एक उंच, अंधूक वास्तू होती आणि ती अगदी वरच्या मजल्यावर उभी होती. पायांखालचं लोखंड थंड आणि कोरडं होतं. वरचे सगळे दांडे, सगळ्या चकत्या जाग्या होऊन फिरू लागल्या होत्या आणि एकमेकांना घासत होत्या. कुणी ओरडत नव्हतं, सगळे फक्त खाली पाहत होते. खालून ऑइल जिना चढून येत होतं. सोनेरी, भारदस्त आणि अतिशय संथ, एकेका पायरीवर विसावा घेत. ‘लवकर या,’ ती म्हणाली. ते म्हणालं, ‘येतोय की, पण मी उन्हासाठी निघालोय.’ आणि पुढच्या पायरीवर बसलं.

जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. समोरच्या लहानशा कप्प्यात गाडीबरोबर आलेलं पुस्तक होतं, अजून कव्हरही न काढलेलं. तिने ते उघडलं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी कोणतं ऑइल घालायचं ते एका ओळीत लिहून ठेवलं होतं. दोन आकडे: शून्य आणि चाळीस. तिने ती ओळ तीनदा वाचली. आपण डब्यावरचा दुसरा आकडा तेवढा वाचला होता, पहिल्याकडे पाहिलंही नव्हतं. पुस्तक मिटून तिने जागच्या जागी ठेवलं.

आता तिला काय करायचं, हे अवघड नव्हतंच. अवघड होतं ते तोंड उघडणं. गप्प राहिली असती तर कुणालाही काही कळलं नसतं. गाडीने घाटही चढला असता बहुतेक. इंजिन एका पहाटेत मरत नसतं, ते थोडं थोडं झिजत असतं, आणि झिजलं तेव्हा व्यापाऱ्याने नशिबाला बोल लावला असता. ज्याला काहीही ऐकू येत नाही अशा म्हाताऱ्याने तिच्या शब्दावर आपली सगळी कीर्ती टेकवली होती, आणि तो शब्द तिने आपली चूक झाकायला वापरला होता. ह्याची तिला मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या पहाटे पुन्हा तेच धुकं, तीच काठी. इंजिन उठलं. तिने मोजलं. वस्ताद तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

‘किती?’

‘अकरा,’ ती म्हणाली. आणि त्यांना दिसावं म्हणून दोन्ही हातांची बोटं दाखवून वर आणखी एक दाखवलं. ‘कालही अकराच होते, वस्ताद. मी खोटं बोलले.’

वस्तादांनी इंजिन बंद केलं. मग ते गाडीतून उतरले, कोपऱ्यातलं पसरट घमेलं आणलं आणि ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरखाली सरकवून बोल्ट सोडला. सोनेरी ऑइल खाली येऊ लागलं. त्या थंडीत ते धारेने येत नव्हतं, जाड दोरीसारखं लोंबत, स्वतःवरच वेटोळी घालत उतरत होतं. ते उतरताना पाहायला दोघं शेजारी शेजारी उकिडवी बसली. वस्तादांचे गुडघे ठणठणीत होते.

नेमका तेव्हाच व्यापारी आला. घमेल्यात आपलं परदेशी ऑइल पाहून त्याचा चेहरा पडला. ‘अहो, एक मैलसुद्धा चाललं नव्हतं हे,’ तो म्हणाला. ‘गाडी पळवली न्हाई, काय न्हाई. न पळवता कसं कळलं तुम्हाला, पळताना कसं वागतंय ते?’

वस्तादांना तो प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरूनच कळला असावा. त्यांनी रिकामा डबा उचलून व्यापाऱ्याच्या हाती दिला आणि बोट ठेवून दाखवलं.

‘मालक, इथं दोन आकडे असतात. दुसरा दुपारचा. तापल्यावर ऑइल किती दाट राहतंय ते त्यो सांगतोय. पहिला पहाटेचा. गार पडल्यावर किती चटकन वाहतंय ते. पहिला जितका बारीक तितकं ऑइल लवकर उठतंय. सगळी दुनिया दुपारचा आकडा बघून डबा घेती, कारण पळणं डोळ्याला दिसतंय. पण गाडी पळत असती तवा ऑइल तिच्याजवळ असतंयच. रात्री ते निथळून खाली चेंबरात बसतंय. पहाटे इंजिन उठतंय तवा ते एकटं असतंय. झीज व्हायची ती बरीचशी तितक्यात होऊन जाती. तुम्ही रोज सकाळी तिला चालू करणार, वर्षभर. घाट एकच दिवस. म्हणून मी पळणं ऐकत न्हाई, उठणं ऐकतो. आन दुपारीबी टिकंल, पहाटेबी धावंल असंच ऑइल आता निघालंय. कुठलं, ते बनवणाऱ्यानं पुस्तकात लिहून ठेवलंय. मी काय त्याच्यापेक्षा शाणा न्हाई. त्यानं लिहिलंय ते खरं का, एवढंच काठी लावून बघतो.’

व्यापाऱ्याने डब्यावरच्या दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं. ‘हळद शिजवतानाबी असंच असतंय,’ तो अखेर म्हणाला. मग थांबला, कारण कसं ते त्याला सांगता येईना. पण त्याला ते पटलं होतं, हे दिसत होतं. शून्य आणि चाळीसचे डबे आणायला तो स्वतःच बाजारात गेला.

तो गेल्यावर वैजयंता म्हणाली, ‘वस्ताद, तुम्ही माझी परीक्षा घेत होता का?’ तिने हे त्यांच्या समोर बसून, ओठ नीट हलवून विचारलं.

‘परीक्षा घ्यायला ऐकू यावं लागतंय, पोरी,’ वस्ताद म्हणाले. ‘तू चार म्हणालीस, मी चार धरले. एवढंच की तुझं तोंड चाराचं दिसत न्हवतं. म्हणून म्हटलं, उद्या पुन्हा ऐकू.’

‘आणि मी आजही चारच म्हणाले असते तर?’

वस्तादांनी नदीकडे पाहिलं. धुकं विरत होतं. ‘तर गाडी गेली असती घाटात, तसंच ऑइल घेऊन. मी काय करणार होतो? माझा कान आता तुझ्याजवळ हाय.’ मग ते हळूच म्हणाले, ‘तुझं खरं एक दिवस उशिरा पोचलं. पोचलं हे झालं. एका दिवसानं इंजिन मरत न्हाई. पण रोज तेवढा उशीर लागायला लागला तर मरतंय. माझं बी तेच झालंय बघ. ऐकू येत न्हाई हे मी तुला दिवाळीत सांगायला पायजे होतं. गुडघ्याचं सांगत बसलो.’

तिने काठी पुसून भिंतीला उभी केली. त्या म्हाताऱ्यावर तिचा जीव होताच, पण इतका आहे हे तिला त्या सकाळी कळलं.

नवं ऑइल भरलं. गाडी पुन्हा मुक्कामाला राहिली. चौथ्या पहाटे वैजयंताने काठी कानाशी धरली आणि टकटक सुरू होते न होते तोच थांबली. तिने दोन बोटं वर केली. वस्तादांनी ती बोटं पाहिली आणि लहान मुलासारखे हसले.

चढाईच्या दिवशी ती दोघं पायथ्याच्या दगडी कट्ट्यावर बसली. निळी गाडी निघाली आणि धुक्यात शिरली. दिसणं तिथेच संपलं, पुढे होता तो फक्त आवाज. सगळी गर्दी रस्त्याकडे पाहत होती. वस्ताद एकटे वैजयंताकडे पाहत होते.

‘सांग,’ ते म्हणाले.

ती सांगू लागली. पहिलं वळण, गियर उतरवला. तिसरं, थोडं जोरात घेतलं, मालकांना आवरायला पाहिजे. सहावं. आठव्या वळणाशी ती क्षणभर थांबली. त्या वळणावरून आवाज भरून, गोल होऊन खाली आला आणि वर निघून गेला. ‘आठवं झालं,’ तिने सांगितलं. ह्या दोन शब्दांत तिच्यासाठी काय होतं ते वस्तादांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग आवाज बारीक होत गेला. बारीक, आणखी बारीक, आणि डोंगरात विरला.

‘आता?’

‘आता मलाही ऐकू येत नाही.’

‘मग बसू दोघंबी,’ वस्ताद म्हणाले.

दोघं बसून राहिली. ऊन आलं, धुकं उठलं. मधे एकेक करून बाकीच्या गाड्या गेल्या. कोण पहिला आला, कोण चौथा, ह्याची चर्चा कट्ट्याभोवती चालली होती. त्या चर्चेकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने, वर कुठेतरी, फार दूर, एक ओळखीची गुणगुण उतरू लागली. एकसारखी, सुखरूप, घाई संपलेल्या माणसासारखी. वैजयंता काही बोलायच्या आतच वस्ताद उठले. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना ते कळलं होतं.

ते गॅरेजचं दार उघडायला निघाले. चढाई झाली तरी आजही गाडीचा मुक्काम होता आणि उद्या पहाटे तिचं उठणं ऐकायचं होतं.